स्वतंत्र रचनाकारांचे विज्ञानकथात्मक खेळ: कुठून सुरुवात करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पाच मित्रमैत्रिणींचा तुमचा गट गेली दोन वर्षे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो आहे. आता तुम्हाला अंतराळातले, विज्ञानकथेच्या अंगाने जाणारे टेबलटॉप खेळ, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रे साकारत गोष्ट घडवण्याचे खेळ, खेळायचे आहेत. स्वतंत्र रचनाकारांच्या खेळांविषयी बरेच ऐकले आहे, पण नावांची यादी पाहिली की कशाला हात घालावा हे कळत नाही. त्यातच गटातल्या दोघांना इंग्रजीत बोलत खेळणे अवघडल्यासारखे वाटते. मी पुण्यात सुमारे बारा वर्षे असे खेळ चालवत आलो आहे, आणि त्यातले बहुतेक मराठीतच चालवले आहेत. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

आधी सरळ सल्ला. पहिली संध्याकाळ जॉन हार्पर यांच्या ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ला द्यावी. त्यानंतरच्या दोन संध्याकाळी ‘मदरशिप’ या भयाच्या खेळातले एखादे छोटे प्रकरण खेळावे. त्या तीन बैठकींत गटातल्या प्रत्येकाला कशात गोडी वाटली हे लक्षात ठेवावे आणि मगच लांब चालणारा खेळ निवडावा.

या क्रमामागे एक कसोटी आहे, आणि पुढचे सगळे विवेचन तिच्याच आधाराने करणार आहे. खेळाच्या मुखपृष्ठावर अंतराळयान आहे की यंत्रमानव, हे नंतर पाहावे. त्याचे नियम कशाची मोजदाद ठेवतात, हे आधी पाहावे. खेळाडूच्या हातातल्या कागदावर जो आकडा सतत खालीवर होतो, त्याच्याकडेच त्याचे लक्ष राहते, आणि गोष्ट हळूहळू त्या आकड्याभोवती फिरू लागते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये आपण हिट पॉइंट, म्हणजे पात्रात किती जीव उरला आहे ते, मोजतो, म्हणून लढाई हा तिथला केंद्रबिंदू होतो. तेच नियम उचलून तलवारीच्या जागी लेझर बंदूक ठेवली, तर गोष्ट अंतराळात घडूनही लढाईचीच राहते. पुष्कळ गटांचा पहिला विज्ञानकथात्मक प्रयोग इथेच फसतो आणि दोष मात्र विज्ञानकथेच्या माथी येतो.

जुने उदाहरण घ्यायचे तर मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ हा १९७७ सालचा खेळ पाहा. तो गेम डिझायनर्स वर्कशॉप या कंपनीने प्रकाशित केला होता, म्हणजे आज ज्या अर्थाने आपण ‘स्वतंत्र’ म्हणतो त्यात तो बसत नाही, पण या कुळाचा मूळपुरुष तोच. त्यात पात्र घडवताना चारचार वर्षांच्या नोकऱ्या कराव्या लागतात, आणि दान उलटे पडले तर खेळ सुरू होण्याआधीच पात्र मरू शकते. त्याहून बोलका नियम कर्जाचा. जहाज कर्जावर घेतले तर रोख किमतीचा २४० वा भाग दरमहा भरायचा, आणि तो ४८० महिने. म्हणजे चाळीस वर्षांत मूळ किमतीच्या दुप्पट रक्कम फेडायची. एवढ्या एका नियमाने खेळाडूंच्या मनात असे प्रश्न उभे राहतात की, या ग्रहावरून काय भरले म्हणजे पुढच्या ग्रहावर हप्ता निघेल, कोणाचे अडचणीचे पार्सल निमूटपणे न्यावे लागेल आणि कोणत्या बंदरावर तोंड लपवावे लागेल. गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

‘स्वतंत्र’ या शब्दाविषयी दोन वाक्ये, कारण त्यावरून गैरसमज होतो. या शतकाच्या सुरुवातीला रचनाकार रॉन एडवर्ड्स आणि ‘द फोर्ज’ या चर्चापीठाभोवतीच्या मंडळींनी या शब्दाचा जो अर्थ रूढ केला, तो मालकीचा होता: ज्याने खेळ रचला त्याच्याच हाती त्याचे हक्क असले पाहिजेत. आकाराचा त्यात संबंध नव्हता. एका पानाचा विनामूल्य खेळही स्वतंत्र असतो, आणि २०२१ साली लोकवर्गणीतून दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी करणारा ‘मदरशिप’ही. रचनाकाराला कोणाला विचारावे लागत नाही, म्हणून तो एकाच गोष्टीवर सगळा खेळ उभारण्याचे धाडस करू शकतो. आपल्याला या खेळांकडे जायचे ते त्या धाडसासाठी.

‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ हे या धाडसाचे सगळ्यात छोटे रूप. २०१३ साली आलेला हा संपूर्ण खेळ एका पानात मावतो. प्रत्येक खेळाडूने दोन ते पाचमधला एकच अंक निवडायचा. अंक मोठा असेल तर पात्र लेझर्समध्ये, म्हणजे यंत्रे, विज्ञान, थंड डोक्याची नेमकी कृती यांत सरस असते. लहान असेल तर फीलिंग्जमध्ये, म्हणजे अंतःप्रेरणा, मनधरणी, आवेग यांत. साधा सहा बाजूंचा फासा टाकायचा. तयारी केली असेल तर आणखी एक फासा मिळतो, त्या कामात वाकबगार असाल तर आणखी एक. डोक्याच्या कामात फासा आपल्या अंकापेक्षा खाली पडला पाहिजे, मनाच्या कामात वर. आणि दान नेमके अंकाइतकेच पडले, तर यशाबरोबर सूत्रधाराला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, एक प्रश्न विचारण्याचा हक्क मिळतो, ज्याचे उत्तर त्याने खरे द्यायचे. जहाजाचा कप्तान एका गूढ मानसिक शक्तीच्या तडाख्यात सापडून उपचारकोषात निपचित आहे, म्हणून निर्णय खेळाडूंनाच घ्यावे लागतात. सूत्रधार चार फासे टाकून कोणाला काय करायचे आहे, कशाचे करायचे आहे आणि त्यातून काय होणार हे ठरवतो, आणि दहा मिनिटांत खेळ सुरू होतो.

तुमच्या गटासाठी हा पहिला खेळ सुचवतो तो त्या प्रश्नाच्या नियमासाठी. दोन वर्षे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळलेल्या खेळाडूला सूत्रधाराने मांडलेले जग ऐकून घेण्याची सवय लागलेली असते, इथे त्याला थांबून विचारावे लागते, “हा माणूस आमच्यापासून काय लपवतो आहे?” विज्ञानकथेत कुतूहल हे शस्त्रासारखे वापरता येते, हे त्या क्षणी हाताला कळते. मराठीत खेळताना आम्ही या दोन बाजूंना ‘डोकं’ आणि ‘मन’ म्हणतो. “हे डोक्यानं करतेस की मनानं?” असे विचारले की खेळाडू नियम न पाहता उत्तर देतो.

आता ‘मदरशिप’. त्याच्यावर मी जास्त थांबणार आहे, कारण भयाची विज्ञानकथा टेबलावर उभी करणारे त्याच्याइतके काटेकोर यंत्र माझ्या पाहण्यात नाही. शॉन मकॉय यांनी रचलेला हा खेळ २०१८ साली ट्यूजडे नाइट गेम्स या छोट्या संस्थेकडून आला आणि पुढे त्याची सुधारलेली, ‘पहिली’ म्हणवली जाणारी आवृत्ती निघाली. पात्रांचे प्रकार चारच: मरीन, अँड्रॉइड, सायंटिस्ट आणि टीमस्टर, म्हणजे जहाजावरचा मेहनतीची कामे करणारा कामगार. कॅरेक्टर शीटच, म्हणजे पात्राची माहिती लिहायचा कागदच, अशी मांडली आहे की बाणांच्या दिशेने वरून खाली जात राहिले की पात्र तयार होते. पुस्तक हातात घ्यावेच लागत नाही.

बळ, वेग, बुद्धी आणि लढाऊपणा हे चार गुण दहा बाजूंचे दोन फासे आणि पंचवीस अशा बेरजेने ठरतात, म्हणजे सरासरी छत्तीसच्या आसपास. शंभरातले दान त्या गुणाच्या खाली पडले तर यश. पात्राच्या प्रकाराची आणि कौशल्याची भर पडली तरी पहिल्यांदा खेळणाऱ्याला धक्का बसतो, कारण नुसत्या गुणावर टाकलेली दर तीन दानांतली जवळजवळ दोन फसतात. आणि दान फसले की स्ट्रेसचा एक गुण वाढतो. हा ताण दोनपासून सुरू होऊन वीसपर्यंत चढतो. काही भयंकर घडले की वीस बाजूंचा फासा टाकायचा. तो ताणाच्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी पडला तर पात्र भेदरते, आणि मग ते काय करून बसेल हे तक्ता सांगतो. ताण दोन असताना भेदरण्याची शक्यता शंभरात दहा. नऊ झाला की पंचेचाळीस. कोणी तुम्हाला “आता घाबरा” असे म्हणत नाही. कागदावरचा आकडा चढत जातो आणि तो चढताना सगळ्यांना दिसत असतो.

भीती एका पात्रातून दुसऱ्यात कशी जाते, याचीही सोय नियमांत आहे. मरीन भेदरला तर जवळच्या प्रत्येक साथीदाराला भीतीची परीक्षा द्यावी लागते. सायंटिस्टची सारासार बुद्धी ढळली तर जवळ असलेल्या सगळ्यांचा ताण एकाने वाढतो. अँड्रॉइड नुसता शेजारी उभा असला तरी माणसांना भीतीच्या परीक्षा जड जातात. त्यामुळे सहा पावले रुंद बोगद्यात कोणी कोणाजवळ उभे राहायचे, यावर आमच्या टेबलावर दहा मिनिटे हळू आवाजात वाद झालेला मला आठवतो. बाहेर काहीच घडले नव्हते. दिवे फक्त एकदा मंद झाले होते.

माझी स्वतःची चूक इथे सांगितली पाहिजे, कारण तुमच्या गटातला सूत्रधार तीच करण्याचा संभव मोठा आहे. पहिल्यांदा हा खेळ चालवताना मी जुन्या सवयीने प्रत्येक दाराशी, प्रत्येक पडद्यापाशी दान मागत गेलो. अर्ध्या तासात सगळ्यांचा ताण आठाच्या पुढे गेला, क्षुल्लक कारणांवरून पात्रे भेदरू लागली, आणि पुढच्या तासात भीतीचे वजनच उरले नाही. सगळे खेळाडू तक्त्यातल्या ओळी वाचण्यात गुंतले. वॉर्डनसाठी, म्हणजे सूत्रधारासाठी, लिहिलेली पुस्तिका मी नंतर नीट वाचली. दाने कमीत कमी मागा आणि खेळाडूंनी चांगली युक्ती काढली असेल तर ती चालू द्या, असा सल्ला तीत स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. टेबलाखाली काय आहे असे कोणी विचारले, तर टेबलाखाली जे असेल ते सांगून टाकावे. माहिती मुक्त हस्ते द्यावी आणि तिच्यामुळे निर्णय अवघड होऊ द्यावा. दान फक्त त्या वेळी मागावे, जेव्हा सगळे जण श्वास रोखून फाशाकडे पाहणार आहेत.

त्याच पुस्तिकेत आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या इतर कोणत्याही खेळात उपयोगी पडतील. एक, भयकथेची पायऱ्यांची मांडणी: आधी कोणीतरी मर्यादा मोडते, मग खुणा दिसू लागतात, मग ते प्रत्यक्ष समोर येते, मग त्याला घालवावे लागते, आणि शेवटी ते पुन्हा झोपी जाते. कोकणात देवराईतले झाड तोडल्याच्या गोष्टी ज्यांनी लहानपणी ऐकल्या आहेत त्यांना ही चाल ओळखीची वाटेल, आणि म्हणूनच मराठी टेबलावर हा खेळ लगेच रुजतो. दुसरी गोष्ट, प्रत्येक प्रसंगात तीन उद्दिष्टे ठेवणे: स्वतः जगणे, कोड्याची उकल करणे आणि दुसऱ्यांना वाचवणे. तिन्ही एकदम साधत नाहीत, आणि कोणते सोडायचे हे खेळाडूंनीच ठरवायचे असते.

सुरुवातीसाठी डी. जी. चॅपमन यांचे ‘द हाँटिंग ऑफ इप्सिलॉन १४’ घ्यावे. लघुग्रहावरच्या एका खाणतळाची ही गोष्ट दोन घड्या घालून तिहेरी केलेल्या एकाच कागदावर, दोन्ही बाजूंना छापलेली आहे. वाचायला वीस मिनिटे लागतात आणि दोन संध्याकाळी आरामात पुरते. त्यातले कथानक मी इथे सांगत नाही. ते फक्त सूत्रधारानेच वाचावे.

मराठीत खेळताना इथे एक गोष्ट मला अकस्मात सापडली. ‘टीमस्टर’ला प्रतिशब्द शोधताना आम्ही हमाल, मिस्त्री, खलाशी असे सगळे करून पाहिले. शेवटी एका खेळाडूने “मी या जहाजाचा क्लीनर आहे” असे म्हटले आणि पात्र उभे राहिले: ट्रकच्या डाव्या दाराला लोंबकळत मागे हात दाखवणारा, टायर ठोकून पाहणारा, ड्रायव्हरच्या आधी उठणारा माणूस. त्याच बैठकीत कंपनीच्या आगाऊ पैशाला तिने ‘उचल’ हा शब्द वापरला. ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतात आणि ती फिटेपर्यंत फडातून हलता येत नाही, हे मराठवाड्यात वाढलेल्या त्या मुलीने जवळून पाहिलेले होते. त्यानंतर तळावर काहीतरी वावरते आहे हे कळूनही पात्रे निघून का जात नाहीत, असा प्रश्न कोणी विचारला नाही. शब्द आपल्या मातीतला मिळाला की खेळाडू स्वतःहून खरे बोलू लागतात, म्हणून इंग्रजीने अवघडणाऱ्या तुमच्या दोन मित्रांना मी या खेळातली अडचण मानत नाही. बहुधा तेच टेबलाला पुढे नेतील.

भयाच्या खेळात एक पथ्य आधीच ठरवून घ्यावे. कोणत्या गोष्टी खेळात येणारच नाहीत आणि कोणत्या आल्या तरी पडद्याआड राहतील, हे सुरुवातीलाच पाच मिनिटे बोलून घ्यावे. ही रीत रॉन एडवर्ड्स यांची. शिवाय टेबलाच्या मध्यभागी फुली मारलेले एक कार्ड ठेवावे. ते कोणी उचलले की चाललेला तपशील तिथेच सोडून पुढे जायचे, कारण विचारायचे नाही. जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी प्रचारात आणलेले हे ‘एक्स-कार्ड’ माझ्या टेबलावर फार क्वचित उचलले गेले आहे, पण ते समोर आहे म्हणूनच लोक मोकळेपणाने पुढे जातात असा माझा अनुभव आहे.

या तीन बैठकींनंतर वाटा फुटतात. गटाला जहाजाभोवतीची धडपड, उधारी, पाठलाग आणि चोरटा व्यवहार यांत रस वाटला, तर स्ट्रास अचिमोविच आणि जॉन लबफ-लिटल यांचा २०१८ सालचा ‘स्कम अँड व्हिलनी’ घ्यावा. हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’च्या नियमांवर तो उभा आहे. त्यात पात्रांबरोबरच जहाजही निवडायचे असते, आणि जहाज निवडले की गोष्टीचा प्रकार ठरतो: एक तस्करांचे, एक पळालेल्यांना धरून आणणाऱ्यांचे, एक बंडखोरांचे. इथे मोजली जातात ती संकटांची घड्याळे. सूत्रधार कागदावर वर्तुळ काढून त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करतो आणि गस्ती पथक जवळ येईल तसतसे ते रंगवत जातो. आधी तासभर योजना आखण्याची गरज नसते. मध्येच “मी हे काल रात्रीच करून ठेवले होते” असे सांगून मागे जाता येते, फक्त त्याची किंमत ताणाच्या रूपाने मोजावी लागते. योजनाबाजीत ज्यांच्या बैठका विरघळतात अशा गटांना हा नियम मी आवर्जून सुचवतो.

सूत्रधाराला एकटे बसून जग रचण्याची आवड असेल, तर केव्हिन क्रॉफर्ड यांचा ‘स्टार्स विदाउट नंबर’ उत्तम. तो २०१० साली आला आणि २०१७ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. तिचा मोठा भाग विनामूल्य मिळतो, आणि तुमच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या सवयींना तो सर्वांत जवळचा आहे. षट्कोनांच्या आठ गुणिले दहाच्या नकाशावर फाशाने तारे मांडायचे आणि प्रत्येक ग्रहाला तक्त्यातून दोन खुणा द्यायच्या. एक खूण ‘अवजड खाणकाम’ आणि दुसरी ‘धर्मसत्ता’ अशी पडली की त्या दोन शब्दांच्या घर्षणातून ग्रह आपोआप बोलू लागतो: खाणीत खाली जाण्याआधी कोणाचा आशीर्वाद घ्यावा लागतो, आणि तो कोणाला मिळत नाही? प्रत्येक खुणेबरोबर शत्रू, मित्र, गुंतागुंत, वस्तू आणि जागा यांच्या याद्या येतात. शिवाय दोन बैठकींच्या मधल्या काळात जगातले गट आपापले डाव टाकतात, तोही भाग नियमांतच आहे. दुसरा कोणताही खेळ खेळायचा असला तरी तयारीसाठी हे पुस्तक सूत्रधाराच्या हाताशी असावे.

नकाशावरची डावपेचांची लढाईच हवी असेल तर मिगेल लोपेझ आणि टॉम पार्किन्सन-मॉर्गन यांचा ‘लान्सर’ आहे. महाकाय यंत्रकवचांत बसून लढण्याचा तो खेळ नियमांनी भारी आहे, पण खेळाडूंचे साहित्य फुकट मिळते आणि हिशेब सांभाळणारे संगणकीय साधनही. आणि सगळे एकत्र जमणे कठीण होत असेल, तर शॉन टॉमकिन यांचा २०२२ सालचा ‘आयर्नस्वॉर्न: स्टारफोर्ज्ड’ पाहावा, जो सूत्रधारासह, सूत्रधाराविना किंवा अगदी एकट्यानेही खेळता येतो. त्याची मोजदाद शपथांची. पात्र एखादे वचन देते, त्याची कठीणता ठरते, आणि दहा चौकोनांची पट्टी हळूहळू भरत जाते. सहा बाजूंचा एक फासा आणि गुण यांची बेरीज दहा बाजूंच्या दोन फाशांशी ताडून पाहायची. दोन्हींवर मात केली तर निखळ यश, एकावर केली तर यश पण किंमत मोजून, एकावरही नाही तर गोष्ट वाईट वळण घेते. प्रश्न पडला की तक्त्यांतून दोन शब्द उचलायचे आणि त्यांचा अर्थ आपणच लावायचा. या घराण्याचा मूळ ‘आयर्नस्वॉर्न’ विनामूल्य आहे, त्यामुळे पद्धत मानवते का हे पैसे न घालता पाहता येते.

आता ज्या खेळांविषयी मला मनापासून बोलायचे आहे, आणि ज्यांचे नाव अशा याद्यांत फार खाली येते, ते सूत्रधाराविना चालणारे विचारप्रधान खेळ. बेन रॉबिन्स यांच्या ‘मायक्रोस्कोप’मध्ये (२०११) फासेही नाहीत. सगळे मिळून एका संस्कृतीचा इतिहास रचतात. सुरुवात आणि शेवट आधीच ठरवलेले असतात, आणि मग कालखंड, घटना आणि प्रसंग कोणत्याही क्रमाने मध्ये घालत जायचे. शेवट ठाऊक असतानाही मधले जाणून घेण्याची ओढ किती असते, हे पहिल्यांदा खेळताना कळते. खेळाआधी एक यादी करतात, तीत काय असेल आणि काय नसेल हे प्रत्येकाने लिहायचे. आमच्या एका खेळात कोणीतरी ‘नसेल’च्या रकान्यात ‘पृथ्वीवर परतणे’ असे लिहिले, आणि त्या एका ओळीने पुढचे तीन तास वेगळे झाले.

जोशुआ न्यूमन यांचा ‘शॉक: सोशल सायन्स फिक्शन’ हा २००६ सालचा खेळ त्याहून टोकदार आहे. कागदावर एक तक्ता आखायचा. एका बाजूला ‘शॉक’, म्हणजे आपल्या जगात नसलेला आणि त्या जगाला मुळापासून बदलणारा शोध. दुसऱ्या बाजूला ‘इश्यू’, म्हणजे आपल्याला प्रत्यक्ष जीवनात छळणारे सामाजिक प्रश्न. दोन्ही जिथे छेदतात त्या चौकोनात पात्र उभे राहते, आणि शेजारचा खेळाडू त्याचा प्रतिपक्ष चालवतो. आम्ही एकदा शोध घेतला तो असा: माणूस मेल्यानंतर त्याच्या स्मृतींची बोलती नक्कल जपून ठेवता येते. प्रश्नांच्या बाजूला एकाने ‘पाणी’ लिहिले, दुसऱ्याने ‘लग्न’, तिसऱ्याने ‘वारसाहक्क’. तिसऱ्याचे पात्र तलाठी कार्यालयातली एक कारकून होती, आणि तिच्यासमोरचा अर्ज असा की, आजीच्या नकलेची संमती सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी ग्राह्य धरावी. आजी हयात असताना तिने सही दिली नव्हती. नक्कल मात्र द्यायला तयार होती, कारण ती मुलाने आपल्या घरात ठेवली होती आणि तिच्याशी रोज तोच एकटा बोलत असे. लेकीने अर्जाला हरकत घेतली होती. त्या टेबलावर एकही अंतराळयान नव्हते, कोणी बंदूक काढली नाही, आणि तरीही आजवर खेळलेल्यांत ती मला सर्वांत अस्सल विज्ञानकथा वाटते. हा खेळ मराठीत खेळावा असा माझा आग्रह आहे, कारण सातबारा, हुंडा, पाणीपाळी, बदली, जातपडताळणी या शब्दांना जे वजन आहे ते त्यांच्या इंग्रजी पर्यायांना टेबलावर येत नाही.

एकट्याने खेळायचे दोन खेळ तुमच्या गटातल्या प्रत्येकाने निदान एकदा करून पाहावेत. टाकुमा ओकाडा यांचा ‘अलोन अमंग द स्टार्स’ अगदी छोटा आहे. पत्त्यांचा एक जोड आणि एक फासा घेऊन ग्रहाग्रहांवर हिंडायचे आणि जे दिसले ते वहीत लिहायचे. ख्रिस बिसेट यांचा ‘द रेचेड’ (२०२०) त्याच्या उलट टोकाला आहे. मोडक्या जहाजावर उरलेला एकच माणूस, बाहेर जिवंत असलेला शत्रू, पत्त्यांचा जोड आणि लाकडी ठोकळ्यांचा मनोरा. पत्ता सांगेल तेव्हा ठोकळा ओढायचा, आणि दिवसाची नोंद आपल्याच आवाजात ध्वनिमुद्रित करायची. मनोरा कोसळला की गोष्ट संपली. रात्री घरातले सगळे झोपल्यावर खेळून पाहा. ठोकळ्यावर ठेवलेले बोट कापते.

राहिल्या व्यावहारिक गोष्टी. छापील पुस्तके परदेशातून मागवली तर टपालखर्च आणि जकात मिळून पुस्तकाच्या किमतीहून जास्त होऊ शकते, म्हणून डिजिटल प्रत घ्यावी आणि खेळाडूंची पाने कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून काढून स्पायरल बांधणी करून घ्यावी. ‘मदरशिप’ची खेळाडूंची पुस्तिका आणि ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ यांच्या डिजिटल प्रतींना पैसे पडत नाहीत. इच.आयओ या खेळविक्रीच्या संकेतस्थळावर अनेक रचनाकार ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी काही प्रती मोफत राखून ठेवतात. गरज असेल तर संकोच न करता घ्याव्यात, आणि जमेल तेव्हा त्याच रचनाकाराचे पुढचे काम विकत घ्यावे. नवे काय येते आहे याचा माग ठेवायचा असेल तर भारतीय लेखक थॉमस मॅन्युएल यांचे ‘इंडी आरपीजी न्यूजलेटर’ नियमित वाचावे. ते स्वतः रचनाकार आहेत, आणि ‘धिस शिप इज नो मदर’ हा त्यांचा अंतराळातलाच खेळ आहे.

फाशांसाठी अडून राहू नका. दहा आणि वीस बाजूंचे फासे मिळेपर्यंत घरातली हाउजी काढावी. एक ते दहाच्या सोंगट्या पिशवीत घालून दोनदा उचलल्या, आणि दहाला शून्य धरले, की शंभरातले दान मिळते. पहिली सोंगटी दशकाची, दुसरी एककाची, आणि पहिली उचललेली परत पिशवीत टाकायला विसरायचे नाही. भेदरण्याच्या दानासाठी दुसऱ्या पिशवीत एकवीस ते चाळीस, आणि निघालेल्या आकड्यातून वीस वजा करायचे. आमच्याकडे फासे आल्यानंतरही ही दुसरी पिशवी आम्ही ठेवली, कारण ताण अकरा असलेल्या खेळाडूने पिशवीत हात घातला आणि बराच वेळ तो बाहेर काढला नाही, की सगळे टेबल गप्प होते.